ग्रंथालयशास्त्राचा पहिला दिवस : उद्बोधन वर्गाला जाताना

आदल्या दिवशी संध्याकाळी मोबाइलवर निरोप येतो : 'उद्या सकाळी साडेदहा वाजता विभागात उद्बोधन वर्ग आहे. सर्व नवीन विद्यार्थ्यांनी उपस्थित राहावे.' कुठे त्याला इंडक्शन म्हणतात, कुठे ओरिएंटेशन, कुठे नुसताच स्वागत समारंभ. निरोप वाचून बी.लिब. किंवा एम.लिब.ला नुकताच प्रवेश घेतलेले बरेच जण विचारतात, 'जायलाच हवं का? शिकवणं तर पुढच्या सोमवारपासून आहे.'

जायला हवं, आणि वेळेवर जायला हवं. पदवीनंतर नऊ वर्षांचा खंड पडल्यावर मी या विषयाला प्रवेश घेतला. आता एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते आणि दरवर्षी नव्या मुलांना ग्रंथालय दाखवायला उभी राहते. दोन्ही बाजूंनी हा दिवस पाहिल्यावर माझं ठाम मत झालं आहे की इतर विषयांत पहिला दिवस बुडाला तर फारसं बिघडत नाही, इथे बिघडतं. त्याचं कारण ग्रंथालयाच्या फेरीपाशी पोचल्यावर सांगते. आधी फाइलचं बघू.

आदल्या संध्याकाळची फाइल

भाषणं दुपारपर्यंत आटोपतात. रांग लागते ती कार्यालयाच्या खिडकीशी, आणि तिथे अडकलेला माणूस ग्रंथालयाची फेरी चुकवतो. म्हणून कागद आदल्या दिवशीच लावून ठेवा.

पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र किंवा तात्पुरतं प्रमाणपत्र, शेवटच्या कॉलेजचा दाखला, आधार. पदवी दुसऱ्या विद्यापीठाची असेल तर मायग्रेशन. मध्ये खंड असेल तर त्याचं शपथपत्र. आरक्षणातून प्रवेश असेल तर जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, आणि लागू असेल तिथे चालू मुदतीचं नॉन-क्रिमीलेयर. शिष्यवृत्तीसाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेलं बँक खातं, कारण महाडीबीटीचे पैसे तिथेच येतात. एबीसी क्रमांक अजून काढला नसेल तर डिजिलॉकरवरून त्याच रात्री काढून टाका. श्रेयांकांची, म्हणजे मिळवलेल्या क्रेडिटची, नोंद त्यावर होते आणि विभाग तो पहिल्याच दिवशी मागतो. रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थी आणि पालक दोघांनीही ऑनलाइन भरायचं असतं. चाळिशीतल्या विद्यार्थ्यालाही ते चुकलेलं नाही.

प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स करा, त्यावर स्वतःची सही करा. मूळ कागद दाखवायला न्या, पण ठेवून घेतले तर पोच घ्या. पोच मागायला संकोच वाटू देऊ नका. उद्या तुम्ही स्वतः दुसऱ्यांच्या वस्तू नोंदवहीत घेऊन सांभाळणार आहात.

लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींसाठी थोडं जास्त लिहिते, कारण या अभ्यासक्रमाला त्या खूप असतात. माझी पदवी माहेरच्या नावावर होती आणि आधार सासरच्या. उद्बोधनाच्या दिवशी खिडकीतून फॉर्म परत आला. 'दोन वेगळ्या व्यक्ती दिसतात' असं सांगितलं गेलं आणि पुढचे दोन महिने माझा शिष्यवृत्तीचा अर्ज त्याच कारणाने अडकून राहिला. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र मी घरी कपाटात ठेवून गेले होते. ते आणि राजपत्रात नाव बदलल्याची प्रत, दोन्ही फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. आणि प्रवेश अर्जावर एकदा जे नाव लिहाल तेच परीक्षेच्या अर्जावर, तेच बँकेत, हे त्या दिवशीच ठरवून टाका.

एक वही घ्या. जाड नको, दोनशे पानी पुरे. मोबाइलवर टिपणं काढू नका असं मी सांगते, कारण या वहीचं मागच्या पानापासून एक वेगळं काम आहे. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

वर्गात कोण भेटतं

पहिल्या बाकावर बसलं की मागे वळून पाहा. कला, वाणिज्य, विज्ञान, क्वचित अभियांत्रिकी, कुठल्याही शाखेचा पदवीधर बी.लिब.ला येऊ शकतो, त्यामुळे इतका मिश्र वर्ग दुसरीकडे सहसा सापडत नाही. बावीस वर्षांची मुलगी असते, तिच्या शेजारी शाळेच्या वाचनालयात पंधरा वर्षं काम केलेले सर असतात. तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात काम करणारी, ग्रंथालयाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण करून आलेली ताई असते. मुलं शाळेत जायला लागल्यावर परत शिकायला आलेल्या दोघी-तिघी असतात.

ज्यांनी वाचनालयात काम केलं आहे त्यांच्या शेजारी बसा. दाखल नोंदवही, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात नोंदतात ती, काय असते हे पुस्तकातून समजायला एक तास लागतो, त्यांच्याकडून पाच मिनिटांत समजतं. आणि तुम्ही स्वतःच असे अनुभवी असाल तर 'आमच्याकडे असं नसतं' हे वाक्य पहिला महिनाभर बाजूला ठेवा. तुमच्याकडे तसं का नसतं, हेच शिकायला तुम्ही आला आहात.

ओळख करून द्यायची वेळ आली की निम्मा वर्ग सांगतो, 'मला वाचनाची आवड आहे.' खरंच असेल तर जरूर सांगा. पण त्याबरोबर एक ठोस गोष्ट जोडा : कुठल्या वाचनालयात जात होतात, तिथे काय आवडलं, काय मिळालं नाही. प्राध्यापकांच्या लक्षात तेच राहतं, आणि पुढे प्रकल्पाचा विषय कित्येकदा त्यातूनच निघतो.

भाषणांतून काय टिपायचं

विभागप्रमुख अभ्यासक्रमाची रचना सांगतात. इथे कान द्या, कारण ती सगळीकडे सारखी नाही. आपल्याकडे वर्षानुवर्षं एक वर्षाचं बी.लिब. आणि त्यावर एक वर्षाचं एम.लिब. असा क्रम चालत आला. काही विद्यापीठांत पदवीनंतर थेट दोन वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम आहे, आणि नव्या शैक्षणिक धोरणानंतर श्रेयांकांची मांडणीही बदलली आहे. तुमच्या विभागात एका वर्षानंतर बाहेर पडलं तर हातात काय मिळतं, हा प्रश्न त्याच दिवशी विचारा आणि उत्तर वहीत लिहून घ्या.

अंतर्गत गुण किती, लेखी किती, प्रात्यक्षिकाची परीक्षा कधी, क्षेत्रभेट आणि इंटर्नशिप कुठे, हजेरीची अट किती, हे सगळं विचारायचंच. नोकरी करणाऱ्यांनी वेळापत्रक हातात आल्याशिवाय घरी जाऊ नये. वर्गीकरण (पुस्तकाला विषयाचा आकडा देणं) आणि तालिकीकरण (ग्रंथालयाच्या सूचीत पुस्तकाची नोंद करणं) यांची प्रात्यक्षिकं दिवसा असतात आणि ती बुडवून हा विषय पास होता येतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. परीक्षेत हातात संच देतात आणि पुस्तकाचं शीर्षक देतात. आकडा तुम्हालाच बांधायचा असतो.

संच म्हणजे ड्युई दशांश वर्गीकरणाचे खंड. तेविसावी आवृत्ती २०११ ची, चार जाड खंडांची. पहिल्यात मुख्य आकड्याला जोडायच्या उप-आकड्यांची कोष्टकं, दुसऱ्या-तिसऱ्यात विषयवार मुख्य आकड्यांच्या सारण्या, चौथ्यात निर्देशसूची. किंमत विद्यार्थ्याला परवडणारी नाही, म्हणून विभागात किती संच आहेत, एका संचावर कितीजण बसतात आणि तासाव्यतिरिक्त ते कधी हाताळायला मिळतात, हे विचारून घ्या. पहिल्या दिवशी विचारण्यासारखा याहून उपयोगी प्रश्न मला तरी माहीत नाही.

भाषणात एक नाव हमखास येणार : शियाळी रामामृत रंगनाथन. मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि लंडनला शिकून आले. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण (कोलन क्लासिफिकेशन) ही वर्गीकरणाची स्वतःची पद्धत काढली. १२ ऑगस्ट हा त्यांच्या नावाने ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो आणि आपलं सत्र साधारण त्याच सुमारास सुरू होत असल्याने नव्या मुलांवर पहिली जबाबदारी बहुधा त्या कार्यक्रमाचीच पडते.

पाच सूत्रं अशी : ग्रंथ उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. पाठ करायला पाच मिनिटं लागतात. पण 'ग्रंथ उपयोगासाठी आहेत' हे वाक्य ज्या काळात लिहिलं तो काळ डोळ्यांपुढे आणा. पुस्तकं कुलपात, किल्ली एकाकडे, वाचकाने चिठ्ठी द्यायची आणि थांबायचं. आजही गावोगावच्या वाचनालयांत काचेच्या कपाटांना कुलपं दिसतात. त्या दृष्टीने ते सूत्र ९० वर्षांपूर्वीइतकंच आजही करायचं राहिलेलं काम आहे, आणि ते काम आता तुमचं आहे.

आपल्या भागाचा संबंध रंगनाथनांच्याही आधीचा आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं उभं केलं आणि तिथेच भारतातला ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा पहिला वर्ग सुरू झाला. गावात फिरत्या पेट्यांतून पुस्तकं जात होती. हे भाषणात आलं नाही तरी तुम्हाला माहीत असावं असं वाटतं.

फेरी : दिवसाचा गाभा

आता मुख्य गोष्ट. दुपारी किंवा चहानंतर विद्यापीठाच्या ग्रंथालयाची फेरी असते. तीसजणांचा घोळका निघतो, पुढचे पाच ऐकतात, मागचे पंचवीस मोबाइल बघतात. तुम्ही पुढच्या पाचांत राहा.

फेरीत विभाग दिसतात ते इमारतीच्या क्रमाने. तुम्ही मनात क्रम बदला आणि एका पुस्तकाचा मार्ग धरा. आधी ते मागवलं जातं, म्हणजे शिफारस, मंजुरी, पुरवठादाराला ऑर्डर. मग बिलाबरोबर पडताळून दाखल नोंदवहीत चढतं आणि त्याला दाखल क्रमांक मिळतो. हा क्रमांक त्या एका प्रतीचा असतो. त्याच पुस्तकाच्या पाच प्रती आल्या तर पाच क्रमांक. मग शिक्के. शीर्षकपानाच्या मागे, शेवटच्या पानावर आणि एका ठरलेल्या गुप्त पानावर. प्रत्येक ग्रंथालयाचं गुप्त पान वेगळं, कुणाचं तेहतिसावं, कुणाचं एक्कावन्नावं. पहिली-शेवटची पानं फाडून कुणी पुस्तक पळवलं तरी आतला शिक्का ते कुणाचं हे सांगतो. फेरीत हे पान कितवं हे विचारलंत तर ग्रंथालयातले काका हसतील आणि बहुधा सांगतीलही.

त्यानंतर वर्गीकरण, तालिकीकरण, कण्यावर लेबल, बारकोड, आणि मग फडताळ. ही वाट डोळ्यासमोर ठेवून फिरलात की खोल्यांचा अर्थ लागतो. तांत्रिक विभागात टेबलावर पुस्तकांचे ढीग का आहेत, ते देवघेवीच्या काउंटरवर अजून का आलेले नाहीत, हे न सांगताच कळतं.

कण्यावरचं लेबल वाचायला तिथेच शिका. मराठी साहित्याच्या फडताळापाशी थांबा. ड्युईत ८०० म्हणजे साहित्य. ८९१.४ म्हणजे आधुनिक भारतीय आर्य भाषांचं साहित्य आणि ८९१.४६ म्हणजे मराठी. पुढे १ लागला की कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी. आकड्याखाली लेखकाची अक्षरं. आता कुसुमाग्रज शोधा. कविता मिळतील ८९१.४६१ ला 'कुसु'खाली. नाटकं मात्र वि. वा. शिरवाडकर या नावाने आहेत, ती ८९१.४६२ ला 'शिर'खाली. माणूस एक, पण वाचकाला दोन फडताळांपाशी जावं लागतं. तालिकीकरणाचा नियम सांगतो की वेगवेगळ्या प्रकारच्या लेखनासाठी लेखकाने वेगळी नावं वापरली असतील तर दोन्ही नावं ठेवा आणि एकीकडून दुसरीकडे 'हेही पहा' अशी नोंद करा. ती नोंद तुमच्या ग्रंथालयात केलेली आहे का? फेरीनंतर स्वतः संगणकावर तपासून पाहा. नसेल तर कवितेवर प्रेम करणाऱ्या एखाद्या वाचकाला त्याच कवीची नाटकं तिथेच असल्याचं कधी कळतच नाही.

आणखी एक गोष्ट त्याच फडताळापाशी लक्षात येईल. इंग्रजी साहित्याला ८२० असा सुटसुटीत आकडा, आणि मराठीला दशांश चिन्हानंतर दोन घरं. मेलविल ड्युई यांनी ही पद्धत १८७६ मध्ये अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयासाठी मांडली. तिथल्या कपाटांत जे होतं त्याला मोठी जागा मिळाली. मराठी पुस्तकांनी भरलेल्या वाचनालयात त्यामुळे प्रत्येक लेबल लांब होतं. म्हणूनच आपली बरीच सार्वजनिक वाचनालयं आजही कादंबरी, नाटक, चरित्र असे आपले वर्ग करून त्यात चढते क्रमांक देतात. त्यांना मागासलेलं म्हणू नका. त्यांनी आपल्या वाचकाची अडचण आपल्या परीने सोडवली आहे. तिच्या मर्यादा काय, हे पुढच्या वर्षभरात तुम्हाला कळेल.

मागच्या पानांचं काम

फेरी संपली, बाकीचे कँटीनकडे वळले की तुम्ही अर्धा तास मागे थांबा. कुणालाही न विचारता तीन पुस्तकं शोधा. एक मराठी कादंबरी, एक तुमच्या पदवीच्या विषयाचं इंग्रजी पुस्तक आणि एक गॅझेटियर किंवा कोश. ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकावरच्या सूचीत, शोधा, आकडा लिहून घ्या, फडताळापर्यंत चालत जा.

कुठे अडलात ते वहीच्या मागच्या पानावर लिहा. अगदी साध्या गोष्टी लिहा. ओपॅकवर मराठी टाइप करायचा कळफलक सापडला नाही. देवनागरीत शोधलं तर शून्य आणि रोमनमध्ये शोधलं तर चार पुस्तकं आली. लेबलावरचा 'सं.' संपादकाचा की संदर्भाचा कळला नाही. फडताळांच्या दोन रांगांमध्ये आकडे उलटे कुठून सुरू होतात ते समजलं नाही. ८००ची पाटी खांबामागे आहे. काउंटरवर विचारायचं धाडस झालं नाही, कारण तिथल्या बाई फोनवर होत्या.

हीच ती गोष्ट, जिच्यासाठी पहिला दिवस बुडवू नये असं मी वर म्हटलं. त्या दिवशी तुम्ही अजून वाचक आहात. महिनाभरात तुम्हाला आकडे पाठ होतील, खांबामागची पाटी डोळ्यांना सवयीची होईल, आणि मग नव्या माणसाला काय दिसत नाही हे तुम्हाला कितीही प्रयत्न केला तरी दिसणार नाही. आमच्या मॅडमनी आमच्याकडून हे पान लिहून घेतलं होतं, म्हणून मी त्याची इतकी खात्रीने शिफारस करते. 'वाचकाचा वेळ वाचवा' या सूत्राचा अभ्यास करायला तुमच्या स्वतःच्या वाया गेलेल्या त्या अर्ध्या तासापेक्षा चांगलं साधन नाही.

देवनागरी आणि रोमनचा घोळ का होतो तेही सांगते. जुन्या नोंदी ज्या काळात संगणकात चढवल्या तेव्हा बऱ्याच ठिकाणी मराठी शीर्षकं रोमन अक्षरांत लिहिली गेली, आणि तीही प्रत्येकाने आपल्या कानाने. एकाने 'व्ही' वापरला, दुसऱ्याने 'डब्ल्यू'. देवनागरीतही अनुस्वार की परसवर्ण, ऱ्हस्व की दीर्घ, असे फरक राहतातच. माणूस दोन्ही वाचून ओळखतो, यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. नोंदी दुरुस्त करणं हे कंटाळवाणं, न दिसणारं आणि अतिशय मोलाचं काम आहे. तुमच्यापैकी ज्याला भाषेची नजर आहे त्याच्यासाठी इथे आयुष्यभराचं काम पडलेलं आहे.

कानावर पडणारे शब्द

त्या दिवशी शब्दांचा भडिमार होतो, घाबरू नका. सोल हे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने विकसित केलेलं ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर, अनेक महाविद्यालयांत तेच चालतं. कोहा हे मुक्त सॉफ्टवेअर न्यूझीलंडमध्ये जन्मलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. ते विनामूल्य आहे, त्यामुळे स्वतःच्या लॅपटॉपवर घालून सराव करता येतो, आणि तो कराच. डीस्पेस हे डिजिटल संग्रहासाठी. शोधगंगा म्हणजे देशभरातल्या पीएच.डी. प्रबंधांचा खुला साठा. घरी गेल्यावर त्यात तुमच्याच गावाचं किंवा जिल्ह्याचं नाव टाकून बघा, काय काय संशोधन झालं आहे ते पाहून आश्चर्य वाटेल. मार्क म्हणजे यंत्राला वाचता येईल अशी नोंद लिहिण्याची पद्धत. बोधांक म्हणजे वर्गांक (विषयाचा आकडा), ग्रंथांक (त्या विषयातल्या त्या पुस्तकाची खूण) आणि संग्रहखूण (ते कुठल्या संग्रहातलं) मिळून झालेला पुस्तकाचा पत्ता. निर्लेखन म्हणजे निरुपयोगी पुस्तकं रीतसर कमी करणं. हा शब्द ऐकून नव्या मुलांना वाईट वाटतं. पहिल्या वर्षी मलाही वाटायचं. कीड लागलेल्या एका गठ्ठ्याने शेजारचं अख्खं कपाट पोखरलेलं पाहिल्यावर मत बदललं.

नोकरीचा प्रश्न

कुणीतरी हात वर करून विचारतंच, आणि विचारायलाच हवं. सरळ सांगते. महाविद्यालयात किंवा विद्यापीठात ग्रंथपाल व्हायचं तर एम.लिब.ला किमान ५५ टक्के (आरक्षित प्रवर्गांना सवलत आहे) आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, किंवा नियमांनुसार मिळवलेली पीएच.डी. लागते. यूजीसी नेटमध्ये आपल्या विषयाचा क्रमांक ५९ आहे. म्हणजे बी.लिब.च्या पहिल्या सत्रापासून टक्क्यांकडे लक्ष हवं. शाळा, संशोधन संस्था, वृत्तपत्रांचे संदर्भ विभाग, वकिलांच्या मोठ्या कचेऱ्या, डिजिटायझेशनचे प्रकल्प हे इतर मार्ग आहेत.

सार्वजनिक ग्रंथालयांचं वेगळं आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड वर्गानुसार अनुदान मिळतं, आणि त्यातूनच सेवकांचं वेतन निघतं. ते पुरेसं नाही. तुमच्या वर्गातल्या त्या तालुक्याच्या ताईला विचारा, ती आकड्यासह सांगेल. हे काम करणाऱ्या लोकांनी गावागावांत वाचन टिकवून धरलं आहे आणि त्यांना मिळणारा मोबदला त्या कामाला शोभणारा नाही, हे या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी माहीत असायला हवं.

पुढचा रविवार

उद्बोधनानंतर शिकवणं सुरू व्हायला दोन-चार दिवस मिळतात. त्यातला एक दिवस तुमच्या जवळच्या जुन्या वाचनालयासाठी ठेवा. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. मुंबईत असाल तर टाउन हॉलच्या पायऱ्या चढून एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जा, ही संस्था १८०४ ची. १९५४ च्या कायद्यानुसार देशात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ज्या चार ग्रंथालयांकडे पाठवायची असते, त्यांतलं एक तिथलं मध्यवर्ती ग्रंथालय आहे. गोव्यातल्यांना पणजीत पाट्टोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, १८३२ पासूनची परंपरा आणि नवी इमारत.

जाताना तीच वही घ्या, आणि मागच्या पानावर तेच काम करा : तीन पुस्तकं, न विचारता. काउंटरपाशी दहा मिनिटं उभं राहून कोण येतं, काय मागतं, काय मिळालं नाही म्हणून परत जातं तेही लिहा. आजोबा रोज वर्तमानपत्रासाठी येतात, स्पर्धा परीक्षेची मुलं जागा धरून बसलेली असतात, एखादी लहान मुलगी आजीसाठी पुस्तक बदलायला येते आणि 'हे वाचून झालंय' असं सांगून दुसरं मागते. आजीने कुठलं वाचलं आहे हे त्या काउंटरवरच्या माणसाला तोंडपाठ असतं.

माझी ती वही अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. मागच्या पानावर पहिली ओळ आहे, 'मराठी नाटकं कुठे ठेवतात ते लिहिलेलं नाही, दोन चकरा मारल्या.' आमच्या ग्रंथालयात जिन्याजवळ लावलेली पाटी त्या ओळीवरून केली. तिसऱ्या ओळीत लिहिलं आहे, 'पुस्तक परत कुठे ठेवायचं? फडताळात की टेबलावर?' त्याची पाटी अजून झालेली नाही. यंदाची मुलं फेरीला यायच्या आत करायची आहे.